बर्डीवरचं तळं

मे महिन्यातली दुपार, नागपुरातल्या बर्डीचा मेन रोड. डोक्याला दुपट्टा, चपलेखाली पोळणारं डांबर, फेरीवाल्यांच्या आरोळ्या. गर्दीतून वाट काढताना एखाद्या दुकानातल्या कूलरमधून वाळ्याचा ओला वास येतो आणि तुम्ही थबकता. तो वास सोडू नका. किल्ल्याच्या टेकडीकडे तोंड करा, डोळे मिटा आणि ६ कोटी ६० लाख वर्षं मागे या.

पाय रुतला ना? सावकाश ओढा. पोटरीपर्यंत कोमट पाणी आहे. हॉर्न थांबले, आता कानाशी भुंगे घोंघावताहेत. जवळच्याच टाकळीच्या दगडांत त्यांचे पंख सापडले आहेत, म्हणून इथे ते असणारच. काठावर ताडाच्या जातीची झाडं. कुजक्या पानांचा, शेवाळाचा वास पावसाळ्यात फुटाळा तलावावर येतो अगदी तसाच. चिखलाखाली तळव्याला टोचतोय तो काळा, भोकाभोकांचा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. तो निवला, पावसाने खळगे भरले आणि हे तळं झालं.

गर्दी पाहायचीय? वाका. दिवाळीच्या आदल्या दिवशी बर्डीत असते तशी दाटी, सगळी गोगलगायींची. अंगठ्याएवढी एक उचला, टोक वर आणि तोंड स्वतःकडे धरा. तोंड डावीकडे आलं! बहुतेक शंखांचं उजवीकडे येतं. ही फायसा प्रिन्सेपी. पाण्यात राहून हवेत श्वास घेणारी. दर थोड्या वेळाने वर येते, पृष्ठभागाला टेकते, हवा भरून घेते आणि पुन्हा शेवाळ खरवडायला खाली जाते. तिचा सगळा दिवस असाच जातो.

तिच्या जिभेवर बारीक दातांच्या रांगा आहेत, पण दगडात उरतो तो शंख.     इथलं पाणी गोडं आहे, चाखून बघा.

या गोगलगायी दगड झाल्यावर या टेकडीवर त्यांच्यामागे लागले ते स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर, नागपुरात आलेले दोन मिशनरी. हिस्लॉप कॉलेज ज्याच्या नावाचं, तोच हा हिस्लॉप. नागपूरच्या खडकांवर आणि जीवाश्मांवर दोघांनी १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात लिहिलं. हिस्लॉप १८६३ मध्ये ओढ्याला आलेल्या पाण्यात बुडून गेला. बर्डीवरून जाताना मला त्याची दरवेळी आठवण येते. इतक्या लोकांच्या पायाखालचं तळं त्याने पाहिलं.

आता मान वळवा. पश्चिमेकडून काडी ओढल्यासारखा गंधकाचा वास येतोय, गालाला धग लागतेय. नवा लाव्हा निघालाय. आज दोन लाव्ह्यांच्या मधोमध टेकडीत जो गाळाचा पातळ थर आहे, त्यातच तुम्ही उभे आहात. नवा लाव्हा इथे पोचायला अवकाश आहे. हातातली गोगलगाय पाण्यात सोडा. एका देठाला चिकटून ती वर सरकते, श्वास घेते आणि पुन्हा खाली चरायला जाते.