पश्चिम आर्नहेम लँड अग्निव्यवस्थापन प्रकल्प
ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील सुमारे २८,००० चौ. किमी. सॅव्हाना प्रदेशात नियोजित जाळणीने तीव्र वणवे रोखण्याचा मूळ रहिवासी वनरक्षकांचा उपक्रम (पहा : वणवा). विसाव्या शतकात मूळ रहिवाशांचे स्थलांतर झाल्याने पारंपरिक जाळणी खंडित झाली व कोरड्या ऋतूच्या अखेरचे वणवे वाढले. २००६ मध्ये प्रकल्प सुरू झाला. डार्विनमधील द्रवरूप नैसर्गिक वायू कारखान्याच्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून त्याला निधी मिळाला. कोरड्या ऋतूच्या आरंभी, गवत अंशतः ओलसर असताना, पायी व हेलिकॉप्टरमधून सौम्य आगी लावतात. जळालेले पट्टे पुढील वणवे अडवतात (पहा : जाळरेषा). परिणामी मिथेन व नायट्रस ऑक्साइडचे उत्सर्जन घटते (पहा : हरितगृह वायू). या पद्धतीवरील कार्बन-श्रेयांकांना ऑस्ट्रेलियन शासनाची मान्यता आहे.