खाऱ्या जमिनीचे भात

समुद्रकाठच्या शेतकऱ्याचे खाऱ्या पाण्याशी चालत आलेले भांडण फार जुने आहे. बंगालच्या सुंदरबनात, केरळच्या पाणथळ किनाऱ्यावर, गोव्याच्या खाजणांत आणि कोकणच्या खारजमिनींत त्याने मातीचे बांध घातले, भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून उघाड्या बसविल्या आणि पावसाने जमिनीतील मीठ धुऊन नेले की भात लावले. परंतु बांध फुटतात, पाऊसही ओढ देतो. अशा वर्षी त्याला तारून नेई ते पिढ्यान्‌पिढ्या राखलेले बियाणे. बंगालचा नोना बोकरा, केरळचा पोक्कळी, गोव्याचा कोरगुट, कोकणातील काळा राता ही अशा वाणांची नावे होत.

इतर भात जेथे करपून जाई, तेथे हे वाण तग धरीत. असे का व्हावे, याचा उलगडा मात्र फार उशिरा झाला. मिठातील सोडियम पाण्याबरोबर मुळांत शिरते, जलवाहिन्यांतून पानांपर्यंत चढते आणि तेथे साठून पानांचे कार्य बंद पाडते. पेशीला ज्याची नित्य गरज असते, त्या पोटॅशियमची जागाही ते बळकावू पाहते. पेशीभोवती जे पातळ पटल असते, त्यातून क्षारांचे विद्युत्‌भारित कण सहजासहजी पार होत नाहीत. त्या पटलात बसलेली विशिष्ट प्रथिनेच त्यांना वाट देतात. शेताच्या बांधाला जशी उघाडी, तशी पेशीच्या पटलाला ही वाहक प्रथिने.

२००५ साली शांघाय येथील संशोधकांनी यांपैकी एका प्रथिनाचा छडा लावला. नोना बोकरा आणि जपानचा कोशिहिकारी या दोन वाणांच्या संकरातून त्यांनी भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरील एक जनुक शोधून काढले. त्याच्यापासून होणारे प्रथिन जलवाहिन्यांना लागून असलेल्या पेशींत काम करते. वर चढणाऱ्या रसातील सोडियम ते परत ओढून घेते, त्यामुळे पानांपर्यंत त्याचा थोडाच अंश पोहोचतो. कोशिहिकारीतही हे प्रथिन आहे, पण त्याचे काम मंद. दोहोंत फरक अवघ्या ४ अमिनो आम्लांचा! गव्हाची कथाही अशीच आहे. राना मन्स आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियातील सहकाऱ्यांनी एका प्राचीन गव्हातील याच कुळातले जनुक ड्युरम गव्हात आणले, तेव्हा खारट शेतातील उत्पन्न २५ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे त्यांना २०१२ साली दाखविता आले.

अर्थात एकाच जनुकाने सारे साधते, असे मात्र नव्हे. पोक्कळीच्या चिवटपणात त्याच्या उंचीचा आणि जोमदार वाढीचाही वाटा आहे. तरीही पहिल्या गुणसूत्राचा तोच भाग पोक्कळीपासून घेऊन दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने पुसा बासमती ११२१ या वाणात उतरविला. किनाऱ्यावरील गरीब शेतकऱ्याच्या भाताचा गुण अशा रीतीने बासमतीच्या अंगी आला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अधिक उत्पन्न देणाऱ्या ठेंगण्या वाणांचा प्रसार झाला आणि हे जुने भात मागे पडले. देशाला धान्याची निकड होती, तेव्हा त्यात वावगे काही नव्हते. परंतु २००९ च्या मे महिन्यात ऐला चक्रीवादळाने सुंदरबनचे बांध फोडले, खारे पाणी शेतांत शिरले आणि नव्या वाणांचा तेथे निभाव लागेना. तेव्हा जुन्या बियाण्यांची शोधाशोध सुरू झाली. अनेक घरांतून ते केव्हाच नाहीसे झाले होते.

संशोधकांना ४ अमिनो आम्लांचा जो फरक सापडला, तो ज्या बियाण्यात होता ते शेतकऱ्यांनी राखले नसते, तर शोधावयास काही उरलेच नसते. किनाऱ्यावरील खारभूमीची योजना आखताना बांध आणि उघाड्या यांच्या खर्चाबरोबर या वाणांच्या जतनाचीही तरतूद व्हावयास हवी, ती याकरिता.