सदोष व विलंबित माल आणि परदेशी खरेदीदाराचे हक्क : मुंबईच्या कापूस व्यापाराच्या संदर्भात

प्रस्तावना :
आंतरराष्ट्रीय विक्री करारात विक्रेता व खरेदीदार यांच्यात समुद्राचे अंतर असते. माल प्रत्यक्ष पाहण्यापूर्वीच पुष्कळदा त्याची किंमत चुकती झालेली असते. अशा वेळी माल सदोष निघाल्यास अथवा उशिरा पोहोचल्यास खरेदीदारास कोणता उपाय उपलब्ध होता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

फौजदारी उपाय :
एकोणिसाव्या शतकात खानदेश, वऱ्हाड, गुजरात व धारवाड येथील कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला जात असे. सरकी, माती, पाणी व हलका कापूस मिसळून गाठींचे वजन वाढविले जाई. त्याविरुद्ध मुंबई सरकारने १८२९ मध्ये विनियम केला. अमेरिकन यादवी युद्धामुळे (१८६१-६५) भारतीय कापसाची मागणी वाढली, तेव्हा १८६३ मध्ये स्वतंत्र कायदा करून निरीक्षक नेमण्यात आले. परंतु या कायद्यांचा रोख शिक्षेवर होता, भरपाईवर नव्हता. भेसळ करणारा दंडास पात्र ठरला, तरी लिव्हरपूलच्या खरेदीदाराचे नुकसान तसेच राही. व्यापाऱ्यांचाही या व्यवस्थेस विरोध होता. १८८० च्या दशकाच्या आरंभी ती संपुष्टात आली.

कराराधिष्ठित उपाय :
खरेदीदारास खरा आधार करारानेच दिला. नमुना व प्रत आधी ठरविणे, वाद लवादाकडे नेणे आणि प्रत कमी भरल्यास किमतीत सूट घेणे, या प्रथा व्यापारात रूढ झाल्या. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ५५ मध्ये मुदतीचा, तर कलम ७३ मध्ये नुकसानभरपाईचा विचार आहे. मालविक्री कायदा, १९३० याने ‘शर्त’ व ‘हमी’ असा भेद केला. शर्तीचा भंग झाल्यास माल नाकारता येतो. हमीचा भंग झाल्यास कलम ५९ नुसार किंमत कमी करून घेता येते किंवा भरपाई मागता येते.

१९८० च्या व्हिएन्ना करारनाम्याने (अंमल १९८८) हे उपाय अधिक विस्ताराने मांडले. विलंब झाल्यास खरेदीदार विक्रेत्यास वाजवी वाढीव मुदत देऊ शकतो व तीही टळल्यास करार रद्द करू शकतो. दोषाची सूचना मात्र वाजवी वेळेत, सामान्यतः जास्तीत जास्त दोन वर्षांत, द्यावी लागते. भारत या करारनाम्यात सहभागी नाही. तथापि सदस्य राष्ट्राचा कायदा लागू झाल्यास भारतीय निर्यातदारही त्याने बांधला जाऊ शकतो.

निष्कर्ष :
शिक्षेचे भय खरेदीदाराची हानी भरून काढत नाही. ते काम कराराच्या स्पष्ट कलमांनीच होते. कोल्हापूरच्या फौंड्रीतून परदेशी जाणाऱ्या कास्टिंगलाही हेच लागू पडते. मलकापूरसारख्या ठिकाणी वाणिज्य शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच कलमांबरोबर त्यांचा हा इतिहासही अभ्यासणे अगत्याचे आहे.