बास्केटबॉल : खेळाची गती आणि अर्ध्या मैदानाचे शास्त्र

सुरत शहराच्या पूर्वेकडील गोडादरा हा दाट वस्तीचा भाग. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून कापडधंद्याच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे इथे आणि शेजारच्या लिंबायत, डिंडोली परिसरात मोठ्या संख्येने राहतात. गेल्या दिवाळीत नातेवाइकांकडे गेलो असता एका सोसायटीच्या आवारात सहा मुले बास्केटबॉल खेळताना दिसली. लोखंडी खांबावर एकच कडे. तिघे एका बाजूला, तिघे दुसऱ्या. चेंडू हिसकावला की खडूच्या रेषेमागे नेऊन यायचे आणि मगच चढाई करायची. घड्याळ नव्हते, म्हणून कट्ट्यावर बसलेला एक थोराड मुलगा मोठ्याने बारापासून उलटे आकडे म्हणत होता. स्वतःच्या धाकट्या भावाकडे चेंडू आला की त्याचे मोजणे संथ व्हायचे, दुसऱ्यांकडे गेला की भरभर. यावरून रोज भांडण होत असणार.

त्या भांडणात या खेळाचे मर्म आहे. बास्केटबॉलमध्ये वेळ ही चेंडूइतकीच ताब्यात घेण्याची वस्तू आहे आणि ती कशी वापरावी यासाठी मोठा शास्त्रविचार झालेला आहे.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पूर्ण मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांचा. चेंडू ताब्यात आला की संघाने ८ सेकंदांत मध्यरेषा ओलांडली पाहिजे आणि २४ सेकंदांच्या आत कड्याकडे नेम साधला पाहिजे. एकदा रेषा ओलांडली की चेंडू मागे नेता येत नाही. म्हणजे उरलेल्या सोळा-सतरा सेकंदांसाठी दहाही खेळाडू १४ मीटरच्या चौकटीत सापडतात. या अवस्थेतील खेळाला ‘हाफ कोर्ट’चा खेळ म्हणतात. याउलट, प्रतिस्पर्धी बचाव रचण्याआधीच धावत जाऊन गुण मिळवणे म्हणजे ‘फास्ट ब्रेक’. या दोहोंपैकी काय, केव्हा आणि किती खेळायचे हे ठरवण्याची सत्ता आपल्याकडे ठेवणे, यालाच गतीवर नियंत्रण म्हणतात.

ही सत्ता पूर्वी अमर्याद होती. २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनिॲपोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा उंचापुरा सेंटर होता. त्याच्याशी झुंजण्यापेक्षा चेंडू नुसता धरून ठेवणे पिस्टन्सने पसंत केले. लेकर्सच्या अठरापैकी पंधरा गुण एकट्या मायकनचे होते. प्रेक्षक अर्थातच वैतागले. अखेर १९५४ साली सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशेब मांडला : रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा नेम धरतात. ४८ मिनिटांचे २८८० सेकंद होतात, त्यांना १२० ने भागले की २४ येतात. शॉट क्लॉकचा आकडा असा आला. पहिल्याच हंगामात प्रत्येक संघाची सरासरी सुमारे ७९ गुणांवरून ९३ वर गेली. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९५६ मध्ये ३० सेकंदांचे बंधन आणले आणि २००० साली तेही २४ वर उतरवले.

अमेरिकी महाविद्यालयीन खेळाने मात्र बराच काळ हट्ट धरला. नॉर्थ कॅरोलायनाचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांची ‘फोर कॉर्नर्स’ पद्धत प्रसिद्ध आहे. चार खेळाडू अर्ध्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत, मधोमध चेंडू खेळवणारा एक. आघाडी घेतली की वेळ जाळायचा. १९८२ मध्ये व्हर्जिनियाविरुद्धचा अंतिम सामना त्यांनी ४७-४५ असा जिंकला, तेव्हा दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांचा संयम सुटला. १९८५-८६ पासून तिथेही ४५ सेकंदांचे घड्याळ आले. आज ते ३० सेकंदांचे आहे.

कबड्डी पाहणाऱ्या वाचकाला हे परके वाटू नये. आघाडीवरचा चढाईपटू तीस सेकंद मध्यरेषेजवळ रेंगाळून परततो, ती हीच युक्ती. आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो हा प्रो कबड्डीतील नियम म्हणजे तिथले शॉट क्लॉकच.

घड्याळ आल्यावरही संथ खेळाचे मोल संपले नाही. १४ मार्च १९९६ रोजी प्रिन्स्टनने गतविजेत्या यूसीएलएला ४३-४१ असे हरवले. प्रशिक्षक पीट कॅरिल यांच्या मुलांकडे उंची नव्हती, उड्या नव्हत्या. त्यांनी प्रत्येक चढाई लांबवली. बचावपटू पासच्या वाटेत पुढे सरसावला की त्याच्या पाठीमागून कड्याकडे निसटायचे, हे त्यांचे हुकमी अस्त्र. शेवटच्या क्षणांतील विजयी बास्केटही तसेच आले.

यामागे अंकगणित आहे. समजा, बलाढ्य संघ दर चढाईला सरासरी ०.१ गुणाने सरस आहे. ८० चढायांच्या सामन्यात त्याची अपेक्षित आघाडी ८ गुणांची होते, ५० चढायांत केवळ ५. नशिबाचा वाटा मात्र त्याच प्रमाणात घटत नाही. म्हणून दुबळ्याने चढाया कमी कराव्यात, सबळाने वाढवाव्यात. चढाया मोजण्याचे रूढ सूत्रही सोपे आहे : मैदानी नेम, अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट, वजा आक्रमक रिबाउंड, अधिक टर्नओव्हर. साठ नेम, १८ फ्री थ्रो, १० आक्रमक रिबाउंड आणि १४ टर्नओव्हर असतील तर उत्तर सुमारे ७२ येते. शालेय सामन्याचा गुणफलक सांभाळणारा कोणीही वहीच्या मागच्या पानावर हे करू शकतो. आपल्याकडे ते क्वचितच होते, हे खेदाने नोंदवावे लागते.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गती राखणे म्हणजे पॉइंट गार्डने हात वर करून ‘सावकाश’ म्हणणे नव्हे. गती ठरते ती चेंडू आपल्याकडे नसताना. आपला नेम चुकला त्या क्षणी दोघे माघारी पळाले तर प्रतिस्पर्ध्याचा फास्ट ब्रेक मरतो आणि त्याला चालत यावे लागते. पाचही जण रिबाउंडसाठी कड्याखाली झेपावले तर सामना त्याच्या वेगाने चालतो. घाईचा, तोल गेलेला नेमही तसाच घातक. लांबून मारलेला चेंडू कड्यावरून लांब उडतो आणि थेट समोरच्याच्या पळत्या पायांसमोर पडतो. उलट दिशेने, पूर्ण मैदानावर दबाव टाकून संथ संघाला धावायला भाग पाडता येते. तो दबाव फुटेलही, पण तोवर समोरचा स्वतःच्या चालीने खेळत नसतो.

अर्ध्या मैदानात शिरल्यावर प्रश्न जागेचा होतो. खेळाडू एकमेकांपासून चार-पाच मीटर अंतरावर उभे राहिले तर एक बचावपटू दोघांना पाहू शकत नाही. मग सहकाऱ्याच्या बचावपटूपुढे भिंतीसारखे उभे राहायचे, म्हणजे स्क्रीन लावायची, आणि तो अडकताच वळून कड्याकडे सुटायचे. हाच ‘पिक अँड रोल’. चेंडू एका बाजूने दुसऱ्या बाजूला फिरवला की बचावाला सरकावे लागते आणि त्या सरकण्यात फट पडते. चांगले संघ घड्याळात सात-आठ सेकंद उरेपर्यंत थांबतात, तीन उरेपर्यंत नव्हे. सत्राच्या शेवटी आणखी एक हिशेब असतो : साधारण ३५ सेकंद उरले असता लवकर नेम मारला तर समोरच्याने आपले २४ सेकंद वापरल्यावरही शेवटची चढाई आपलीच राहते.

गोडादऱ्यातील मुलांचा खेळ हा थ्री बाय थ्री या प्रकाराचा घरगुती अवतार. १५ बाय ११ मीटरचे मैदान, एक कडे, १२ सेकंदांचे घड्याळ, दहा मिनिटे किंवा २१ गुण. टोकियो ऑलिम्पिकपासून त्याला मानाचे स्थान आहे. दाट वस्तीत हाच खेळ परवडतो आणि त्यातून पासिंग, स्क्रीन, एकास एक बचाव उत्तम शिकता येतो. मात्र धावायचे की थांबायचे, हा निर्णय त्यात शिकता येत नाही, कारण धावायला दुसरे कडेच नसते. एका कड्यावर वाढलेला मुलगा जिल्हा संघात आला की मध्यरेषा ओलांडताना गोंधळतो तो यामुळे. दाटी हे मात्र अंतिम कारण नव्हे. मुंबईच्या गजबजलेल्या नागपाड्यानेच अब्बास मुंतसीर हा भारताचा कर्णधार दिला आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

२०२२ ची राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गुजरातेत झाली, २०२३ ची आपल्या गोव्यात. दोन्हीकडे बास्केटबॉल होता आणि त्यानिमित्ताने सभागृहे सजली. शाळांच्या मैदानांवर मात्र शॉट क्लॉक अजून दुर्मीळच दिसते. तोवर मोबाइलचा टायमर आणि मोठा आवाज असलेला एक विद्यार्थी पुरेसा आहे. पूर्ण मैदानावर पाचास पाच खेळवून एक दिवस १४ सेकंदांत चढाई संपवायला सांगावी, दुसऱ्या दिवशी किमान पाच पास झाल्याशिवाय नेम धरू देऊ नये, तिसऱ्या दिवशी मुलांनाच ठरवू द्यावे. आकडे मोजणाऱ्याचा भाऊ कोणत्याही संघात नसावा, एवढे पाहावे.