वसईच्या घंटा नेमक्या कुणाच्या?

भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याने डोंगरी, चौक असं गेलं की खाडीच्या तोंडाशी धारावीचा किल्ला लागतो. मुंबईतली धारावी नव्हे बरं का, ही आपली, मीरा-भाईंदरची. बुरूज आणि तटाचे थोडे अवशेष तेवढे उरलेत. पण वर उभं राहिलं की खाडीपलीकडे वसईचा किल्ला दिसतो, आणि चिमाजी अप्पांना ही टेकडी कशाला हवी होती ते नकाशाशिवाय कळतं. १७३९च्या सुरुवातीला मराठ्यांनी धारावी घेतली आणि मे महिन्यात वसई पडली.

मोहिमेची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. आज बोलायचंय ते मोहीम संपल्यावर वसईहून जे बाहेर गेलं त्याबद्दल. म्हणजे चर्चच्या घंटांबद्दल.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे. तिथल्या मेणेश्वराच्या देवळापाशी एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. भीमाशंकरला अशीच एक. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळाच्या दर्शनी भिंतीवर आणखी एक, तिच्यावर साल १७२१. ही नाशिकची घंटा १९६९च्या पुरात निखळून वाहून गेली होती, ती सापडल्यावर परत बसवली. गावोगावच्या देवळांत अशा बऱ्याच घंटा आहेत आणि प्रत्येक ठिकाणी सांगतात, की ही वसईच्या स्वारीतली.

इथे इतिहासाच्या माणसाने थोडं थांबायला हवं. परदेशी अक्षरं असलेली प्रत्येक घंटा वसईचीच असते का? घंटेवर १७३९नंतरचं साल असेल तर ती त्या स्वारीत येणंच शक्य नाही, हा साधा हिशेब आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी साल न वाचताच गोष्ट सांगितली जाते. ती कुणाची, हा वाद त्यानंतरचा. आधी ती कुठली ते तरी बघू.

आता जिच्याबद्दल शंका नाही अशी एखादी घंटा घ्या. ती कुणाची? देवळाचे विश्वस्त म्हणतील, आमची. अडीचशेहून जास्त वर्षं आमच्या देवासमोर वाजतेय. वसई-उत्तनकडचा एखादा ख्रिस्ती माणूस म्हणेल, की पोर्तुगीज गेले, आम्ही इथलेच, इथेच राहिलो. ती आमच्या पूर्वजांच्या चर्चची. त्याला लगेच उत्तर मिळतं, की पोर्तुगिजांनी साष्टी-वसईतली देवळं पाडली त्याचं काय? ते खरंच आहे. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात शिवाच्या जागी चर्च झालं होतं. घारापुरीचा शिलालेख तर त्यांनी काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवला. तिकडे तो कुणाला वाचता आला नाही आणि पुढे हरवला. त्या लेण्यांचा नक्की काळ आणि कर्ता यावर आजही विद्वान भांडतात ते त्या एका दगडापायी.

पण हिशेब असा चुकता करायला बसलं तर संपत नाही. स्पेनचं बघा. ९९७ साली अल-मन्सूरने सांतियागोच्या चर्चच्या घंटा कोर्दोबाला नेल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे केले. १२३६ साली कोर्दोबा पडलं, तेव्हा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून त्या परत धाडल्या, असं तिथली इतिवृत्तं सांगतात. याला परत करणं म्हणायचं की दुसरी लूट? याउलट फिलिपिन्समधल्या बालांगिगा गावच्या तीन घंटा. अमेरिकन सैन्याने १९०१मध्ये नेल्या आणि २०१८च्या डिसेंबरमध्ये परत दिल्या. तिथे मागणारं गाव तेच होतं, चर्च तेच होतं. आपल्याकडे वसईच्या किल्ल्यातली चर्चं ओस पडली. छपरं गेली, मनोरे रिकामे आहेत. घंटा परत आणून टांगायची कुठे?

शिवाय घंटा म्हणजे धातू. पडक्या इमारतीत बेवारशी धातू किती दिवस टिकतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. देवळांत गेल्या म्हणून त्या वाचल्या, ही वस्तुस्थिती आहे. फक्त हे वाक्य उच्चारताना जरा सांभाळा. ‘आम्ही नेलं म्हणून वाचलं’ हे ब्रिटिश म्युझियमचे वकीलही म्हणतात आणि ते ऐकून आपल्या तळपायाची आग मस्तकात जाते. २०२४च्या जुलैमध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर उसनी. तेव्हा आपण काय काय बोललो ते आठवा.

माझं मत विचाराल तर घंटा आहेत तिथेच राहाव्यात. संग्रहालयात गेली की घंटा वाजायची थांबते, आणि न वाजणारी घंटा म्हणजे नुसती पितळी हंडी! पण ठेवणाऱ्याने दोन गोष्टी करायला हव्यात. ती कुठून आली हे शेजारी मराठीत स्वच्छ लिहून ठेवावं, मारियाचं नाव न लपवता. आणि दरवर्षी जत्रेआधी तिला रंग फासणं, चिंच-राखेने नाहीतर पॉलिशने घासणं बंद करावं. अक्षरं घासूनच जातात. शत्रूने हातोडा मारला तर लक्षात तरी येतं. भक्तीने घासलेलं कुणाला दिसत नाही.

कायदा आहे. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावशेष ठरते, परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. पण चोरीला गेलेली घंटा ओळखायची कशावरून? फोटो नाही, माप नाही, अक्षरांचा ठसा नाही, तर पोलीस भंगारवाल्याकडे काय शोधणार? मापं घ्यायला टेप आणि ठसा घ्यायला कागद-पेन्सिल लागते, बस. त्या नोंदींची एक प्रत वसईलाही असावी. म्हणजे तिथल्या माणसाला निदान सांगता येईल, की आमच्या मनोऱ्यातली घंटा अमुक गावी आहे, जाऊन ऐकता येते.

मेणवलीला लोक ‘स्वदेस’चं शूटिंग झालं तो घाट बघायला जातात. फोटो काढून परत फिरतात. तुम्ही गेलात तर मान वर करून घंटेवरचं साल वाचा, आणि जमलं तर त्याचा नीट फोटो काढून आमच्या पत्त्यावर पाठवा. आता प्रश्न घेऊया. मागे कुणीतरी मघापासून हात वर करून आहे.