गॅलिलिओचा कंपास

कंपासपेटीतले सर्वांत कमी वापरले जाणारे साधन कोणते, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले कर्कटकाकडे बोट दाखवतील. दोन्ही पायांना सुया, पेन्सिल लावायची सोय नाही, अंगावर खुणा नाहीत. अंतर उचलायचे आणि दुसरीकडे ठेवायचे एवढेच त्याचे काम, आणि ते पट्टीनेही भागते. सतराव्या शतकातल्या युरोपात मात्र कर्कटकाला एक जोडीदार होता, आणि या जोडीने रेषा विभागण्यापासून तोफगोळ्याचा व्यास ठरवण्यापर्यंतची कामे होत. या जोडीदाराला इंग्रजीत सेक्टर म्हणत. बिजागरीने जोडलेल्या दोन सपाट पट्ट्या आणि त्यांवर बिजागरीपासून निघणाऱ्या रेषांच्या जोड्या, असे त्याचे रूप.

गॅलिलिओ १५९२ पासून पादुआ विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता. पगार तुटपुंजा आणि घरच्या जबाबदाऱ्या मोठ्या. सरदार घराण्यांतले तरुण त्याच्याकडे तटबंदी आणि तोफखान्याचे गणित खासगीरीत्या शिकत. अशा कामांसाठी त्याने १५९७ च्या सुमारास आपला 'भौमितिक व लष्करी कंपास' तयार केला. १५९९ मध्ये मार्कान्तोनिओ माझ्झोलेनी या कारागिराला त्याने घरीच ठेवून घेतले आणि पितळी कंपास बनवून विकायला सुरुवात केली. उपकरण विकून मिळे त्यापेक्षा ते वापरायला शिकवण्याची प्राप्ती अधिक होती. कल्पना संपूर्णपणे त्याची होती असे मात्र म्हणता येणार नाही. इटलीत ग्विदोबाल्दो देल मोन्ते याचे अशा प्रकारचे उपकरण आधीच होते, आणि इंग्लंडमध्ये टॉमस हूड याने १५९८ मध्ये सेक्टरवर पुस्तक छापले होते.

आता त्याचे काम पाहू. दोन्ही भुजांवर बिजागरीपासून सारख्याच अंतरांवर सारखेच आकडे कोरलेले असतात. समजा, एका रेषाखंडाचे पाच समान भाग करायचे आहेत. रेषाखंडाची लांबी कर्कटकात घ्या. कर्कटकाची टोके दोन्ही भुजांवरील १०० च्या खुणांवर बसतील इतका सेक्टर उघडा. सेक्टर न हलवता २० च्या दोन खुणांमधले अंतर उचला. हा झाला पाचवा भाग. बिजागरी हा सामाईक शिरोबिंदू असलेले दोन समरूप त्रिकोण इथे तयार होतात, आणि समरूप त्रिकोणांच्या बाजू प्रमाणात असतात. सारे उपकरण या एका प्रमेयावर उभे आहे.

खुणा कोणत्या अंतरांवर करायच्या, एवढाच काय तो बदल. समान अंतरांवर केल्या की साधे त्रैराशिक सुटते. वर्गमुळांच्या प्रमाणात केल्या की आकृतीचे क्षेत्रफळ हवे तितके पट वाढवता येते. घनमुळांच्या प्रमाणात केल्या की तोफखान्याचे काम होते, कारण दुप्पट वजनाच्या गोळ्याचा व्यास दुप्पट नसतो, सुमारे १.२६ पट असतो. सोने, शिसे, चांदी, तांबे, लोखंड यांच्या सारख्या वजनाच्या गोळ्यांचे आकार देणारीही एक रेषा गॅलिलिओने ठेवली होती.

आकृत्या काढणाऱ्याला सर्वांत मोलाची रेषा सुसम बहुभुजांची. तिच्यावरचे आकडे बहुभुजाच्या बाजूंची संख्या सांगतात. बाजू १ धरली तर परिवर्तुळाची त्रिज्या पंचकोनासाठी ०.८५१, षट्कोनासाठी १ आणि सप्तकोनासाठी १.१५२ येते, आणि खुणा याच प्रमाणात असतात. दिलेली बाजू ६ च्या दोन खुणांवर बसवली की ७ च्या खुणांमधले अंतर ही सप्तकोनाच्या परिवर्तुळाची त्रिज्या. वर्तुळ काढा आणि बाजूएवढ्या अंतराने सात खुणा करा. खुणा नसलेली पट्टी आणि कंपास यांनी सुसम सप्तकोन अचूक काढता येत नाही. कोणते सुसम बहुभुज काढता येतात हे गाउसने १८०१ मध्ये मांडले आणि सप्तकोनासारखे का काढता येत नाहीत याची सिद्धता १८३७ मध्ये वान्त्झेलने दिली. सेक्टरला ही अडचण नाही. त्याचे उत्तर कोरलेल्या रेघेच्या जाडीइतकेच अचूक असते, आणि आरेखकाला तेवढे पुरते.

१६०६ मध्ये गॅलिलिओने या कंपासाची माहिती देणारे पुस्तक इटालियनमध्ये, आपल्या घरीच, अवघ्या साठ प्रतींत छापले आणि राजपुत्र कोसिमो दे मेदिची याला अर्पण केले. नक्कल होऊ नये म्हणून त्यात उपकरणाचे चित्रच नव्हते. कृती होत्या, त्यांच्या सिद्धता नव्हत्या. भूमितीला राजमार्ग नाही, असे युक्लिडने राजाला सुनावल्याची आख्यायिका आहे. गॅलिलिओने मात्र प्रस्तावनेत असा राजमार्ग खुला करून दिल्याचे म्हटले होते. पुढच्याच वर्षी बाल्दास्सारे काप्रा याने तीच सामग्री लॅटिनमध्ये स्वतःच्या नावाने छापली. गॅलिलिओने विद्यापीठाच्या व्हेनिसमधील अधिकाऱ्यांकडे दाद मागितली. चौकशीत काप्राला आपल्याच पुस्तकातली भूमिती समजावून सांगता येईना, आणि पुस्तकाच्या प्रती जप्त झाल्या. निकाल योग्यच होता. पण कृती पाठ आणि कारण ठाऊक नाही अशी माणसे तयार होण्याची सोय गॅलिलिओच्या पुस्तकानेही केली होती, हे माझ्या मते दुर्लक्षिण्याजोगे नाही. इंग्लंडमध्ये १६३० नंतर विल्यम ऑट्रेड आणि त्याचा शिष्य रिचर्ड डेलामेन यांचे याच प्रश्नावर जाहीर भांडण झाले. आधी सिद्धान्त, मग उपकरण, असा ऑट्रेडचा आग्रह. डेलामेनला तो मान्य नव्हता.

ऑट्रेडची बाजू सांभाळून सेक्टर शाळेत आणता येतो: खुणा मुलांनीच मोजून करायच्या. जाड पुठ्ठ्याच्या २५ सेंटिमीटर लांबीच्या दोन पट्ट्या घ्या. दोन्हींवर एका टोकाजवळ बिंदू ठरवून तिथून एक सरळ रेषा आखा, आणि त्याच बिंदूंतून टाचणी ओवून पट्ट्या जोडा. टाचणीपासून १२.८ सेंटिमीटरवर ५, १५ वर ६, १७.३ वर ७ आणि १९.६ वर ८ असे आकडे घाला. हे आकडे कुठून आले ते नववी-दहावीच्या मुलांना साइनच्या कोष्टकावरून काढता येईल. मग ४ सेंटिमीटर बाजूचा सप्तकोन काढायला सांगा. त्रिज्या ४.६१ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. सातव्या पावलाला कर्कटक सुरुवातीच्या बिंदूच्या थोडे अलीकडे किंवा पलीकडे पडेलच. किती, आणि का, यावर एक तास सहज जातो.