आयर्विन पूल : पाण्याची नोंद आणि पुलाची नोंद

कृष्णेला पाणी चढू लागले की पलूस तालुक्यातल्या भिलवडी, अंकलखोप, आमणापूर या नदीकाठच्या गावांतून एकच प्रश्न ऐकू येतो, 'आयर्विनला किती फूट?' सांगलीचा हा पूल या गावांच्या खालच्या अंगाला आहे. पण साऱ्या काठाला पुराचे माप तिथलेच ठाऊक. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये हा आकडा ५७ च्या वर गेला होता.

ज्या पुलावर आपण पाण्याची उंची इतक्या काळजीने वाचतो, त्या पुलाची प्रकृती मात्र आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

सांगली संस्थानचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या कारकिर्दीत हा दगडी कमानींचा पूल बांधला गेला. १९२९ साली त्याचे उद्घाटन तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले आणि त्यांचेच नाव पुलाला मिळाले. आता तो शंभरीच्या उंबरठ्यावर आहे.

वय झाले म्हणून पूल निकामी होतो, हा समज तितकासा खरा नाही. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला दाबून धरतो, आणि दाब सोसणे हा तर दगडाचा स्वभावच आहे. तिथे गंजायला लोखंड नसते. घात होतो तो अन्य मार्गांनी. सांध्यांत पिंपळ-उंबर रुजतात, दर्जांमधला चुना धुऊन जातो आणि पुराचे पाणी पायाखालची माती उकरून नेते. दुरुस्तीच्या नावाखाली दर्जा सरसकट सिमेंटने बुजवल्या, तर आत मुरलेल्या पाण्याला वाट उरत नाही आणि दगडच झिजू लागतो. जुन्या बांधकामाला त्याच्याच जातीचे औषध लागते.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. महाडजवळचा सावित्री नदीवरील १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. 'जुने ते सोने' म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. तिथे नवा पूल वर्षभराच्या आत, जून २०१७ मध्ये, खुला झाला. म्हणजे नवे बांधणे आपल्याला जमते. आहे ते वर्षानुवर्षे निगुतीने सांभाळणे हेच अवघड जाते, कारण त्याला ना कोनशिला, ना फीत.

अरुंद जुना पूल आजच्या अवजड वाहतुकीला पुरत नाही, हे मान्यच आहे. अशा ठिकाणी शेजारी नवा पूल बांधून जुन्याचा भार हलका करता येतो. कोल्हापुरात पंचगंगेवरील एकोणिसाव्या शतकातल्या शिवाजी पुलाशेजारी हाच मार्ग निवडला गेला. जुना पाडण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे, की जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंट उद्योगाचा आहे. आपला दगड मात्र घडवून, रचून केव्हाच तयार आहे.

असो. अपेक्षा एवढीच, की पाण्याची पातळी जशी गावोगाव कळते, तशीच पुलाची तपासणी कधी झाली, पायात काय आढळले, दुरुस्ती कोणती झाली, हेही पुलावरच फलक लावून सांगितले जावे. पाणी किती चढले हे विचारणारा काठ मग पूल कसा आहे, हेही विचारू लागेल.